‘स’ वगळून घातलेली मागणी

४ जानेवारी, शुक्रवार
नवे दात आले. वरचे, खालचे, अख्खा संच. आरशात बराच वेळ पाहिलं. दहा वर्षांनी तरुण दिसतो. उम्म हातिमला विचारलं, तर म्हणाली, तरुण नाही, दुसराच कुणी दिसताय. बायकोला कौतुक करता येत नाही. माहेरचा स्वभाव.

डॉक्टर हनादी वयानं पोरगी आहे, आवाज हवालदाराचा. म्हणाली, काका, तुमचे सगळे दात नुकतेच काढलेत, हिरड्या अजून आकसतील, दात सैल होतील, म्हणून दर आठवड्याला येऊन दाखवायचं. मी हो म्हटलं. जाणार नाही. आमचं सल्ट गाव डोंगरावर वसलंय. इथल्या माणसाच्या हिरड्या आकसत नसतात.

संकल्प: आठवड्याभरात कणीस. महिन्याभरात भाजलेले बदाम.

६ जानेवारी, रविवार
मसुराचं सूप. चावण्यासारखं काही नव्हतं, तरी चावलं. सराव महत्त्वाचा.

बोलताना वरचे दात खाली येतात. मी बोलायचा थांबतो, ते आणखी थोडा वेळ बोलत राहतात. नव्या नोकराचा उत्साह असतो तसं आहे. मुरतील.

९ जानेवारी, बुधवार
आज दुकानात गेलो. चाळीस वर्षं हा धंदा केला. फुटाणे, बदाम, पिस्ते, कलिंगडाच्या बिया, सगळं आमच्याच भट्टीत भाजतो. घाणा उतरवायचा की नाही हे मी दाताखाली एक दाणा धरून सांगतो. ही माझी ख्याती आहे. आता भट्टी मुलगा हातिम पाहतो, पण शेवटचा शब्द माझा.

हातिमनं बदाम पुढे केला. चावला. दाताला काही कळेना, म्हणून म्हटलं, अजून थोडा वेळ. परत चावला. अजून थोडा. असं तीन-चारदा झालं. मग धूर आला.

हातिम म्हणाला, बाबा, हे बदाम आहेत की कोळसे. मी म्हटलं, इराकी गिऱ्हाइकाला असेच लागतात. आमच्याकडे इराकी गिऱ्हाईक नाही. येईल.

११ जानेवारी, शुक्रवार
चुलतभाऊ अबू रजा आला. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण मिजास बघवत नाही. समोर बसून कलिंगडाच्या बिया फोडत होता. टक, साल बाहेर. टक, साल बाहेर. बत्तीसच्या बत्तीस शाबूत, मोत्यांसारखे. मुद्दाम माझ्यासमोर हसतो.

जाताना म्हणाला, अबू हातिम, दात त्रास देत असतील तर सांग, लाजू नकोस. मी म्हटलं, मला कसला त्रास. बोलताना ‘त्रास’मधला स जरा लांबला. दारातलं मांजर उठून आत आलं. योगायोग.

१४ जानेवारी, सोमवार
मोठी बातमी. माझा धाकटा भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. त्याचा मुलगा मुहन्नद लग्नाचं म्हणतोय. मुलगी अजलूनची, त्याच्याबरोबर शाळेत शिकवते. मुहन्नदची आई डोळे पुसत आली आणि म्हणाली, भाईजी, त्याचे वडील असते तर ते बोलले असते, आता तुम्हीच बोलायचं. मी म्हटलं, वहिनी, हा प्रश्नच नाही.

आमच्या घराण्यात मुलीकडे मागणी घालायला मंडळी जातात तेव्हा मी पुढे बसतो आणि मीच बोलतो. वडिलांनंतर हा मान माझा. यजमान कॉफीचा पेला समोर ठेवतात. मी तो हातही न लावता बाजूला सारतो आणि भाषण करतो. ते म्हणतात, घ्या कॉफी, तुमचं मागणं दिलं. मग मी घोट घेतो, की लग्न ठरलं. आजवर एकदाही कॉफी गार झालेली नाही.

मुलीचं नाव विचारलं. सौसन.

मी नाव म्हणून पाहिलं. वहिनीनं इकडेतिकडे बघितलं, कुकरची शिट्टी झाली का म्हणून.

१६ जानेवारी, बुधवार
कारण सापडलं. ‘श’ ठीक आहे. ‘च’ उत्तम. ‘स’ला मात्र वरच्या दातांमागून वारा सुटतो. दोष दातांचा नाही. अक्षर मुळात पोकळ आहे.

उम्म हातिम म्हणाली, अहो, डॉक्टरकडे जा, ती नीट करून देईल. काल तिकडून फोनही आला होता. मी म्हटलं, मी बाहेर गेलोय म्हणून सांग. ती म्हणाली, तेच सांगितलं, पण मागून तुमचं शिट्टी मारत मारत ‘सांग सांग’ चाललं होतं ते तिला ऐकू गेलं.

डॉक्टरनं दात चिकटवायची पेस्टही दिली आहे. लावणार नाही. डिंक लावून बंद करायला मी काय पाकीट आहे.

१९ जानेवारी, शनिवार
ऊन छान होतं. गच्चीवर जाऊन भाषणाची प्रॅक्टिस केली. खड्या आवाजात. ‘सन्माननीय सज्जनहो’ म्हटलं आणि वर पाहिलं, तर शेजारच्या अबू निम्रच्या कबुतरांचा अख्खा थवा आकाशात वळला आणि आमच्या गच्चीवर उतरला. पुढचं सगळं भाषण त्यांनी बसून ऐकलं. पक्ष्यांनाही वक्तृत्व कळतं.

अबू निम्र तावातावानं वर आला. म्हणाला, कबुतरं खाली बोलवायची माझी शिट्टी तुम्ही कुठून शिकलात, आणि कशासाठी. मी म्हटलं, मी फक्त बोलत होतो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कबूतरचोर. मग म्हणाला, म्हातारपणी हा नाद बरा नव्हे.

त्याच्याशी बोलणं सोडलं आहे. कबुतरं मात्र रोज येतात.

२३ जानेवारी, बुधवार
हातिमनं मला भट्टीवरून हलवलं. आता मी मिठाईच्या बाजूला बसतो. ही बढतीच आहे, कारण तिथे गल्ला जवळ आहे आणि धूर येत नाही.

गुलाबाच्या वासाची चिकट मिठाई चाखून पाहिली. गिऱ्हाइकाला देण्याआधी चाखणं हे कर्तव्य. वरचे आणि खालचे दात एकमेकांना धरून बसले. दुपारपर्यंत तोंड उघडलं नाही. गिऱ्हाइकं हातिमला विचारत होती, तुझे वडील रागावलेत का. काहींनी घासाघीस न करता माल नेला. धंद्याला फायदाच.

२५ जानेवारी, शुक्रवार
खालचे दात उजवीकडे टोचतात. डॉक्टरकडे जाऊन तिनं काय केलं असतं. घासलं असतं. घासायची कानस माझ्याकडेही आहे, भट्टीच्या झाऱ्याच्या कडा घासायची. स्वतःच घासले. सुंदर काम झालं. उजवीकडे टोचायचे थांबले.

आता डावीकडे टोचतात.

२६ जानेवारी, शनिवार
डावीकडूनही घासले. आता कुठेच टोचत नाहीत. कुठे लागतच नाहीत. जिभेनं ढकललं की तोंडात फिरून येतात. हवेशीर वाटतं.

३० जानेवारी, बुधवार
मागणीचा दिवस ठरला. १५ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर.

मुहन्नद आला होता. गुणी पोरगा, पण वडिलांसारखाच भिडस्त. बराच वेळ पायताण चाचपत बसला आणि म्हणाला, काका, तुम्हाला दगदग होणार असेल तर अबू रजा काका बोलतील म्हणतात, चालेल का. मी विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून आलं. म्हणाला, कुणाच्याच नाही, असंच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, बाळा, तुझ्या बापाची मागणी मी घातली होती. तुझीही मीच घालणार. त्याचे डोळे भरले. कृतज्ञतेनं.

अबू रजाचा डाव ओळखला. दात आहेत म्हणून पुढे बसायला बघतो.

२ फेब्रुवारी, शनिवार
नामी युक्ती सुचली. भाषणातून ‘स’ काढून टाकायचा. पूर्णपणे. भाषा समृद्ध आहे, एका अक्षरानं कुणाचं अडत नाही.

‘सन्माननीय’ऐवजी आदरणीय. ‘सोयरीक’ऐवजी नातं. ‘संसार’ऐवजी घरदार. आम्ही कुठून आलो हे सांगताना ‘सल्ट’ म्हणायचं नाही, ‘डोंगरापलीकडून आलो’ म्हणायचं. उलट काव्यमय वाटतं. ‘सलाम’ अवघड होता. छातीवर हात ठेवून नुसती मान झुकवायची. फार भारदस्त दिसतं, आरशात पाहिलं.

राहिली सौसन. तिच्याऐवजी ‘तुमची गुणी लेक’. झालं.

५ फेब्रुवारी, मंगळवार
वहिनीला भाषण वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाईजी, मुलीचं नाव घ्या हं. तिची थोरली बहीण अबीर अजून घरातच आहे, तिचं कुठे जमलेलं नाही, उगाच घोटाळा नको.

बायकांचा सूक्ष्मदृष्टीचा आजार. मुलगा कोणाशी लग्न करणार हे दोन्ही घरांना माहीत आहे. मागणी ही नुसती रीत.

उम्म हातिम मध्येच म्हणाली, अहो, पेस्ट तरी लावा त्या दिवशी. एवढं ऐका माझं. मी म्हटलं, विचार करीन. विचार केला. नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
भाषण पाठ. एकही शिट्टी नाही. गच्चीवर म्हणून पाहिलं, एकही कबूतर उतरलं नाही. थोडं वाईट वाटलं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार
कोट इस्त्री करून आला. डोक्याचा रुमाल कडक. मन शांत. अबू रजाचा फोन आला, उद्या मी तुझ्या शेजारी बसतो, काही लागलं तर आहे मी. काय लागणार. पण म्हटलं बस बाबा, शिकशील.

१६ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
काल लिहिता आलं नाही. आज सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कुणी उलटसुलट सांगायला नको.

अजलूनला पोचलो. दिवाणखाना भरलेला. त्यांच्या बाजूनं मुलीचे आजोबा, हाज मिफ्लेह, नव्वदीला टेकलेले, काठी गुडघ्यात धरून बसले होते. आमची मंडळी दारातून सलाम म्हणत आत गेली, मी मान झुकवली. हाज मिफ्लेहनी शेजाऱ्याला विचारलं, यांचा घसा बसलाय का.

कॉफी आली. पेला बाजूला सारला. मी सुरू केलं. काय बोललो, काय बोललो. डोंगरापलीकडून आलेले पाहुणे, दोन घरांमधला आदर, माझा दिवंगत भाऊ. त्याच्याबद्दल बोलताना माझाच आवाज भरून आला आणि दात वर चिकटल्यासारखे घट्ट बसले. एकदाही वारा सुटला नाही. शेवटी म्हटलं, आमच्या मुहन्नदकरता तुमची गुणी लेक मागायला आलो.

हाज मिफ्लेहचा चेहरा उजळला. काठी उचलून म्हणाले, वा. देवानं बघितलं. आमच्यात थोरलीच्या आधी धाकटीचं करत नाहीत, मी या पोरांना किती दिवस सांगतोय. घ्या कॉफी. अबीर तुमची झाली.

मुलीचे वडील हाजींना अडवायला अर्धवट उठले आणि अर्धवटच राहिले. मुहन्नद भिंतीसारखा पांढरा झाला. मी यशाच्या आनंदात होतो, माझा हात पेल्याकडे गेलेला. ओठांपर्यंत पेला आला तेवढ्यात अबू रजानं माझं मनगट धरलं. कानात म्हणाला, पिऊ नकोस, नाव घे. नाव घे आधी.

हा माणूस आयुष्यभर मध्ये मध्ये करतो. पण मुहन्नदकडे पाहिलं. भाऊ त्या वयाचा असताना असाच दिसायचा, घाबरला की.

पेला खाली ठेवला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, हाजी, अबीरचा मान आमच्या डोक्यावर, पण आम्ही मागतोय ती तुमची... आणि थांबलो. दुसरा शब्द नव्हता. ‘धाकटी’ हा शब्द आज सकाळी सुचला. छाती भरून श्वास घेतला आणि म्हटलं, सौसन.

पहिल्या ‘सौ’ला शिट्टी झाली. अशी की आतल्या खोलीत बायका बोलत होत्या त्या गप्प झाल्या. ‘सन’ला वरचे दात बाहेर पडले. पडले म्हणजे घरंगळले नाहीत, गेले. हाज मिफ्लेहच्या काठीवर आपटून त्यांच्या पायांपुढे गालिच्यावर थांबले. त्यामागोमाग खालचे माझ्याच मांडीवर.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे गालिच्याकडे बघत होते. मुहन्नदनं डोळे मिटले होते.

आणि मग अबू रजा उठला. खोलीच्या मधोमध गेला, वाकून माझे दात उचलले, स्वतःच्या रुमालात गुंडाळले. सगळ्यांकडे एकदा बघितलं, तोंडात दोन बोटं घातली आणि आपले दात काढले. वरचे, खालचे, मोत्यांसारखे ते सगळे. हातात धरून, बोळक्या तोंडानं, म्हणाला, हाजी, आमच्या घरात खोटं बोलायचं तर दात लावून बोलतात, खरं बोलायचं तर काढून. माझ्या भावानं खरं तेच सांगितलं. आम्हाला थौथन हवी.

हाज मिफ्लेह बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तोंडात एकच दात होता, तो दाखवून म्हणाले, म्हणजे इथे श्रीमंत मी एकटाच. घ्या रे कॉफी. धाकटी दिली. थोरलीसाठी असाच एखादा बघा, पण बोलायला दुसरा कुणी पाठवा.

सगळी खोली फुटली. कुनाफा आला. गरम, मऊ, पाकातला. मी दोनदा घेतला, अबू रजानं तीनदा.

निष्कर्ष: मागणी यशस्वी. अबू रजानं ऐन वेळी माझी नक्कल केली, पण मी मनावर घेत नाही. त्याचे दात खोटे निघाले हे मात्र नोंदवून ठेवतो. अकरा वर्षं, म्हणे. उम्म हातिमला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

१७ फेब्रुवारी, रविवार
मुहन्नद पेढ्यांसारखं काहीतरी घेऊन आला. माझ्या हाताचं चुंबन घेतलं. म्हणाला, काका, तुम्ही बाबांबद्दल बोललात ते मी कधी विसरणार नाही. मग खाली बघून म्हणाला, बाकीचंही नाही. त्याला हसू आवरत नव्हतं. आनंदी आहे.

२० फेब्रुवारी, बुधवार
डॉक्टरकडे गेलो. सहज. तिकडून चाललो होतो.

तिनं खालचे दात उजेडात धरले. विचारलं, हे कुणी घासलं. मी म्हटलं, एका जाणकारानं. ती म्हणाली, त्याला माझ्याकडे घेऊन या, मला त्याचे हात बांधायचेत. मग म्हणाली, नवा संच करायला लागेल, तोवर हे घालू नका, हिरड्या सोलल्यात. अबू रजा काकांसारखं करा, ते सुरुवातीला इथल्या जुन्या डॉक्टरांकडे दर आठवड्याला आले, म्हणून आज बिया फोडतात.

त्याच्या हिरड्या कमकुवत असणार.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार
घरच्या बैठकीत असं ठरलं की यापुढे मागणीला मी मधोमध बसायचं आणि अबू रजानं बोलायचं. हातिमनं फार हळुवारपणे सांगितलं. बाबा, तुमचा मान तसाच राहील. अर्थ स्पष्ट आहे. अध्यक्ष बोलत नसतो, त्याच्या वतीनं बोलतात.

मार्च, कुठलातरी दिवस
दातांविना आहे. खीर, सूप, कुस्करलेला भोपळा. उम्म हातिम म्हणते, घरात किती शांत वाटतं. कबुतरं येत नाहीत. अबू निम्रनं परवा स्वतःहून नमस्कार केला.

१२ एप्रिल, शुक्रवार
नवे दात घेतले दोन आठवड्यांपूर्वी. बरे आहेत. एकदा दाखवून आलो. दुसऱ्यांदा जाणार होतो, जमलं नाही.

सकाळी गच्चीवरून पाहिलं तर अबू रजाच्या दारात गाड्या लागलेल्या. सगळे कोटात. हातिमही. मला कुणी काही बोललं नव्हतं. उम्म हातिमला विचारलं तर म्हणाली, असेल काहीतरी, तुम्ही चहा घ्या. बहुधा निरोप द्यायला आलेला मुलगा वाटेत विसरला असावा. कोट चढवला, खाली उतरलो आणि शेवटच्या गाडीत मागे बसलो. पोरांनी सरकून जागा दिली. थोडं पुढे गेल्यावर लक्षात आलं, दात घरी राहिले.

मागणीच होती. अबू रजाच्या नातवाची. मधोमध जागा नव्हती, म्हणून मला शेगडीपाशी दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसवलं. जागा उबदार होती. डावीकडचे झोपले होते. उजवीकडच्यांना ऐकू येत नव्हतं, त्यांनी मला विचारलं, तुम्ही मुलीकडचे का. तिकडे अबू रजा बोलायला उभा राहिला. मी उजवीकडच्यांच्या कानाशी वाकलो आणि माझं भाषण केलं. पूर्ण, ‘स’सकट. दोन घरांमधला सन्मान, सोयरीक, संसार. त्यांनी मध्ये मध्ये मान डोलावली. मी संपवलं आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला, घ्या कॉफी, मुलगी दिली.

माझ्या भाषणाला आजवर नकार आलेला नाही.

परतताना गाडीत सगळे अबू रजाचं कौतुक करत होते. मी काही बोललो नाही. मोठ्या माणसानं अशा वेळी गप्प राहावं.